ओळखीचा उमेदवार की कागदावरचा?

ज्याच्या लग्नात आपण पंगतीला वाढलं तो एक उमेदवार, आणि ज्याला फक्त बॅनरवर पाहिलंय तो दुसरा. गिरणाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावात नगरपालिका लागली की हा पेच घरोघरी पडतो. मी दोन्ही करून पाहिलंय, म्हणून लिहितोय.

ग्रामपंचायत सोडून देऊ. तिथे पक्षाचं चिन्हच नसतं आणि उभे राहिलेले सगळे भाऊबंदच. लोकसभेलाही ओळखीचा उपयोग नाही. शेजारचाच रावेर मतदारसंघ घ्या, तो चोपड्यापासून थेट बुलढाण्याच्या मलकापूरपर्यंत पसरलाय, तिथे कोण कोणाला ओळखणार?

ओळखीच्याचं मोल मी नाकारत नाही. वडिलांना रात्री दोन वाजता जळगावला न्यायचं होतं, तेव्हा दुसऱ्या रिंगला फोन उचलून गाडी घेऊन आला तो आमच्या गल्लीतला नगरसेवकच. हे काही उमेदवाराच्या शपथपत्रात लिहिलेलं नसतं. थंडीत शेतात भरीत-पुरीची पार्टी असली की वाढायलाही तोच पुढे. माणूस सोन्यासारखा, आजही म्हणतो.

पण आमच्या दारापुढची गटार.

पावसाळ्यात ती उलटी फिरायची आणि पाणी ओट्यापर्यंत यायचं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू ते घरनाच शे भो, घरचाच आहेस. आधी बाहेरच्यांचं करू, नाहीतर लोक म्हणतील आपलंच पाहिलं." बरोबरच वाटलं मला. दुसऱ्यांदा हेच. तिसऱ्यांदा चहा जास्त मिळाला. असे दोन पोळे गेले. लेखी अर्ज द्यावा म्हटलं तर आई आडवी आली. त्याची आई आणि माझी आई एकाच भजनी मंडळात. "तू अर्ज दे, मंगळवारी मी तिथे कोणत्या तोंडाने बसू?" परक्याकडे तक्रार करता येते, घरच्याकडे फक्त रुसता येतं. माझं मन तिथेच फिरलं.

पुढच्या वेळी कागदावरचा, म्हणजे शपथपत्र वाचून, निवडला. 2002 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून उमेदवाराला मालमत्ता, देणी, शिक्षण आणि गुन्हे उघड करावे लागतात. मोबाईलवर बसल्या बसल्या वाचता येतं. मालमत्तेच्या रकान्यात मी फार रमत नाही. केळीच्या बागेची किंमत लिहिणाऱ्याच्या मनावर असते, शिवाय सगळं त्यानेच भरलेलं. मी गुन्ह्यांचा रकाना पाहतो. कापसाच्या भावासाठी रस्ता अडवला म्हणून लागलेलं कलम वेगळं आणि पतसंस्थेच्या ठेवीदारांनी केलेली फसवणुकीची केस वेगळी; नुसता आकडा मोजून भागत नाही. मग देणी. ज्याच्या डोक्यावर डोंगर आहे तो पाच वर्षांत आधी काय फेडेल, असा एक संशय मला येतो. चुकीचाही असेल.

निवडून आला तो गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारा. फोन त्याचा पोरगा उचलायचा आणि "भाऊ मीटिंगमध्ये आहेत" म्हणायचा. रात्री दोनला त्याला फोन करायची माझी हिंमत झाली नसती, हेही खरं. पण अर्ज दिला, पोच घेतली, पंधरा दिवसांनी पुन्हा पोच दाखवली, आणि कोणाच्या आईचं भजन मोडलं नाही. गटारीवर फरशी पडली. अर्ध्याच भागावर, पण ओटा कोरडा राहिला.

तुमच्या गल्लीत वेगळं असू शकतं. घरात आजारी माणूस असेल तर ओळखीचाच बरा, असं मीही म्हणेन. शिवाय नगरपालिकेत साधारण तीन बटणं दाबायची असतात, एक थेट नगराध्यक्षाचं आणि दोन प्रभागातली. तिन्ही एकाच गटाची दाबली पाहिजेत अशी सक्ती नाही, हे आमच्याकडे कितीतरी जणांना मशीनसमोर गेल्यावर कळतं. मी यंदा नगराध्यक्ष कागद वाचून ठरवलाय, प्रभागातलं एक मतही तसंच. दुसरं अजून राखून ठेवलंय, जुन्या माणसासाठी.

तो यंदाही उभा आहे. समोरच्या घरी आला, शेजारी आला, पत्रकं वाटली, पाया पडला. आमच्या दारावरून मात्र तसाच पुढे गेला. सोबतच्या पोराने विचारलं तेव्हा काय म्हणाला ते ओट्यावर बसून मी ऐकलं. "तो ते घरनाच शे."