आखेनमध्ये राहायचं की बेळगावला परतायचं? कशाला मुकाल, ते आधी बघा

जर्मनीत मास्टर्स पूर्ण झालं की नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. घरचे फोन मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून सुरू झालेले असतात. ‘मग काय, येऊलालीस नव्हं?’ आई विचारते, आत्या विचारते, शेजारच्या काकूसुद्धा फोन हातात घेऊन विचारून जातात.

मी बेळगावातल्या शहापूरची. आखेनला अडीच वर्षं शिकले, पुढं दीड वर्ष तिथंच नोकरी केली आणि आता बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका डिझाइन ऑफिसात आहे. आखेनला माझ्याबरोबर एकाच घरात राहणारी मैत्रीण गोकाकची, घरी कन्नड बोलणारी. ती तिथंच राहिली. त्यामुळं दोन्ही बाजूंचा हिशेब आमच्या रविवारच्या फोनवर गेली दोन वर्षं आपोआप होतोय. खानापूर, निपाणी, येळ्ळूरची मुलं मला सल्ला विचारतात, तेव्हा पगार, टॅक्स, घरभाडं हे सगळं त्यांनी एक्सेलमध्ये भरून ठेवलेलं असतं. राहिलो तर इथल्या कशाला मुकू आणि परतलो तर तिथल्या कशाला, हा रकाना मोकळा असतो. मी इथं तेवढाच भरतेय.

‘परत’ म्हणजे नेमकं कुठं?

हे आधी ठरवा, कारण बहुतेकांचं परतणं पुण्यात नाहीतर बेंगळुरूत येऊन थांबतं. माझ्या ओळखीत असे चार-पाच जण आहेत. शुक्रवारी रात्रीची बस, शनिवारी पहाटे बेळगाव, रविवारी रात्री पुन्हा बस. हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये राहून त्यांना आखेनची संध्याकाळही मिळत नाही आणि शहापूरची सकाळही नाही. घरच्या ओढीनं परतत असाल, तर तीन पर्यायांतला हा सगळ्यात कमी समाधानाचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. करिअरसाठी जात असाल तर गोष्ट वेगळी.

म्हणून बेळगावातच तुमचं काम आहे का ते जर्मनीत असतानाच शोधा. फौंड्री, मशीनिंग, हायड्रॉलिक्स यांसाठी उद्यमबाग आहे, विमानांचे सुटे भाग करणारं हत्तरगीचं एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) आहे. मेकॅनिकल, प्रॉडक्शन, मटेरियल्स शिकलेल्यांना वाव आहे. सॉफ्टवेअर किंवा डेटा सायन्सवाल्यांना इथं दारं कमी. घरून काम करायची मुभा असलेली नोकरी मिळाली तरच जमेल.

तिथलं जे रोज हाताशी होतं

परतून दोन वर्षं झाली. मला सगळ्यात जास्त आठवते ती एक साधी गोष्ट. लायब्ररी बंद व्हायच्या वेळी पुस्तकं आवरायची, जिना उतरायचा, सायकलचं कुलूप काढायचं आणि रात्री साडेबारा वाजता ओल्या रस्त्यावरून एकटीनं घरी जायचं. कुणाला सांगायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. पहिले तीन महिने मी मुठीत किल्ली घट्ट धरून चालवायचे. मग एका रात्री घरी पोचल्यावर लक्षात आलं, की किल्ली आज दप्तरातच राहिली होती. तो दिवस मला लख्ख आठवतो.

इथं ऑफिसातून नऊला निघाले की ‘निघालीस का’ आणि गोगटे सर्कलजवळ येते तोवर ‘कुठवर आलीस’. तो फोन मायेचा आहे आणि त्या मायेसाठीच मी परत आलेय. तरीही त्या साडेबाराच्या रस्त्याची जागा तो फोन भरून काढत नाही. मुलींनी आपल्या हिशेबात ही ओळ पहिली लिहावी. मुलांना बऱ्याचदा ती सुचतच नाही, आणि त्यांच्या बहिणीही मोठ्यानं सांगत नाहीत.

दुसरी आठवण वर्गातली. तिथं तास संपला की टाळ्या वाजवत नाहीत. सगळे बोटांच्या पेरांनी बाक ठोकतात. भरलेल्या सभागृहात तो आवाज पत्र्यावर अचानक पाऊस पडल्यासारखा येतो. माझ्या थीसिसच्या सादरीकरणानंतर समोरच्या आठ-दहा जणांनी टेबल ठोकलं, त्यात माझे प्राध्यापकही होते. परवा इथं एका कार्यक्रमात भाषण संपलं आणि माझा हात आपसूक टेबलाकडे गेला.

बाकीच्या गोष्टी भरभर सांगते. रविवारी दुकानं कायद्यानं बंद असतात. सुरुवातीला घरात दूध नसलं की जीव जायचा, पुढं त्याच शांततेची सवय लागली. महिन्याच्या एका तिकिटात देशभरातल्या बस, ट्राम आणि साध्या रेल्वे फिरता येतात. २०२३ च्या मे महिन्यात ते ४९ युरोला सुरू झालं, २०२६ पासून ६३ युरो आहे. खर्च वाढला, तरी हे तिकीट खिशात असल्याचा मोकळेपणा इथं कशानंच मिळत नाही. बॉसला ‘हे गणित चुकलंय’ असं तोंडावर सांगता येणं, आणि संध्याकाळी पाचनंतर कुणी फोन न करणं, हेही त्यातच धरा.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याच मुलांना कळेल

आखेनही सीमेवरचंच गाव. तिथून बसमध्ये बसलं की थोड्याच वेळात नेदरलँड्समधलं वाल्स येतं. भाडं परवडतं म्हणून काही विद्यार्थी तिथंच खोली घेतात आणि रोज दुसऱ्या देशातून कॉलेजला येतात. वाल्सच्या टेकडीवर जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम एका जागी मिळतात. टेकडी अवघी ३२२ मीटरची, वर एक दगडी खांब. लहान मुलं त्याच्याभोवती पळत तीन देशांना फेऱ्या मारतात.

आणि थोड्याच अंतरावर बेल्जियममधलं ऑयपेन. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानं हा पट्टा जर्मनीकडून बेल्जियमकडे गेला, १९२० साली. माणसं जर्मन बोलणारीच राहिली. आज जर्मन ही बेल्जियमची तिसरी अधिकृत भाषा आहे आणि ऑयपेनमध्ये जर्मन भाषकांची स्वतःची संसद आणि सरकार आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका बेकरीत पाव घेतला. पाटी जर्मन, बिल जर्मन, काउंटरवरच्या बाई जर्मन बोलणाऱ्या आणि बेल्जियमच्या नागरिक. त्यात त्यांना काही विशेष वाटत नव्हतं. मी मात्र पाव हातात धरून तिथंच उभी राहिले.

आपण बेळगावकडची मुलं महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातले १९५६, महाजन अहवाल, ८६५ गावं, २००४ पासून सुप्रीम कोर्टात असलेला दावा हे शब्द ऐकतच मोठे झालो. महाराष्ट्रातली शिनोळी इथून दुचाकीवर अर्ध्या तासाची, पण वातावरण तापलं की सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर गाड्या अडतात आणि एसटी बंद पडते. म्हणून ऑयपेनमधली ती सहजता मला एखाद्या पुणेकरापेक्षा खोल लागली. युरोपात सगळं आलबेल आहे असं सांगायचं नाही. २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीनं आपल्या सगळ्या सीमांवर तपासणी सुरू केली आणि आम्हालाही वाल्सला जाताना पासपोर्ट खिशात ठेवायची सवय लावून घ्यावी लागली.

याच सीमेवर माझी आणि गोकाकच्या मैत्रिणीची चूल एक झाली. तिची ज्वारीची भाकरी, माझी आमटी. ती ‘बा इल्लि’ (इकडे ये) म्हणायची, मी ‘आले की’ म्हणायचे. कुठल्या गावच्या असं कुणी विचारलं की मी बेळगाव सांगायचे, ती बेळगावी, आणि दोघींना कळायचं की गाव एकच. बेळगावात आमची एवढी गट्टी जमली असती का, मला शंका आहे. आमच्या गल्ल्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, पेपर वेगळे. तिथल्या स्वयंपाकघरात ज्या मोकळेपणानं मी कन्नड शिकले, तो मोकळेपणा मला इथं रोज हवासा वाटतो.

इथलं जे तारखेचं आहे

आता दुसरी बाजू. तिथली उणीव रोजची असते आणि हळूहळू सरावाची होते. इथली उणीव एकेका तारखेची असते. ती तारीख गेली की गेली.

गणपती बहुतेक वेळा तिथल्या परीक्षांच्या हंगामात येतात. बेळगावात कपिलतीर्थ तलावावर विसर्जन चालू असतं आणि तुम्ही फ्लुइड डायनॅमिक्स वाचत बसलेले असता. वैशाखातली शिवजयंती, रात्रभर चालणारे चित्ररथ, रामदेव गल्लीतली गर्दी, हे भावानं व्हिडिओवर दाखवलं तरी ढोलाचा दणका छातीत बसत नाही. पहिल्या वर्षी वाईट वाटलं. दुसऱ्या वर्षी मी व्हिडिओ उघडायचं टाळलं, आणि ते जास्त वाईट होतं.

खाण्याचं म्हणाल तर कुंदा, ही आपली दुधाची मिठाई, नेताच येत नाही. युरोपियन युनियनबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. मांडे नेण्याचा तर प्रश्नच नाही. हातांवर फिरवत फिरवत रुमालाएवढी केलेली पोळी उपड्या खापरावर पडते आणि गरम आहे तोवरच तिची घडी घालावी लागते. गार झाल्यावर घडी घालायला गेलात तर तुकडे पडतात. चुलत बहिणीच्या लग्नातल्या मांड्यांचा फोटो मला आला होता. फोटोत घडी छान दिसत होती.

पण मला सांगायचंय ते आजीचं. ती येळ्ळूरची, भाताच्या शेतात आयुष्य काढलेली. ती गेली तेव्हा फेब्रुवारी होता आणि माझा पेपर तीन दिवसांवर. फ्रँकफर्ट, मुंबई, बेळगाव असं करत मी पोचले असते तोवर सगळं उरकलं असतं. मी आले नाही. दहाव्याला भावानं नदीवरून व्हिडिओ कॉल लावला. इथं सकाळचे दहा, तिथं पहाटेचे साडेपाच, खिडकीबाहेर काळोख. पिंड ठेवून अर्धा तास झाला, तरी कावळा शिवेना. काकांनी एकेक नाव घेऊन सगळ्यांची जबाबदारी घेतली, तरी काही नाही. शेवटी ते म्हणाले, ‘आई, पोरगी शिकून परत येतीय, तिची काळजी करू नको.’ आणि कावळा उतरला.

माझ्या परतण्यात त्या वाक्याचा वाटा किती, ते मला अजूनही सांगता येत नाही. तुमच्या घरी कुणाचं वय झालं असेल तर हा रकाना मोकळा ठेवू नका, एवढंच सांगते.

पैसा आणि कायदा, थोडक्यात

कर्ज काढून गेला असाल तर पदवी घेतल्या घेतल्या परतू नका. रुपयातल्या पगारातून तो हप्ता भरताना बाकी काही सुचत नाही. मी दीड वर्ष नोकरी करून कर्जाचा मोठा भाग उतरवला, आणि त्यामुळंच उद्यमबागेतला पगार मला पुरतो.

दुसरं, ‘बघू, जमलं नाही तर परत जाऊ’ या भरवशावर येऊ नका. जर्मनीचा साधा निवास परवाना सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहिलात तर सहसा रद्द होतो. ब्लू कार्डवाल्यांना (उच्चशिक्षित नोकरदारांचा युरोपियन युनियनचा परवाना) ही मुदत १२ महिने असते. जास्त दिवस लागणार असतील तर निघण्याआधीच तिथल्या कार्यालयाकडून मुदत लेखी वाढवून घ्यावी लागते. आणि राहायचंच असेल, तर जर्मन विद्यापीठातल्या पदवीधराला शिक्षणाला साजेशी दोन वर्षं नोकरी झाल्यावर, बाकी अटी पूर्ण होत असतील तर, कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. दीड वर्षाला सोडून येण्यापेक्षा आणखी सहा महिने कळ काढावी का, हा विचार मी केला नव्हता. तुम्ही करा.

मग कुणी काय करावं?

घरी आजारी किंवा वयस्कर माणूस असेल आणि बेळगावातच तुमच्या हातच्या कामाची जागा असेल, तर या. पगार कमी असला तरी या. घरी सगळं ठाकठीक असेल, वय पंचविशीचं असेल, आणि ‘आता लग्नाचं बघायचं’ एवढ्याच कारणासाठी बोलावणं होत असेल, तर थोडं थांबा. विशेषतः मुलींनी थांबावं. स्वतःच्या कमाईवर, स्वतःच्या किल्लीनं दार उघडून राहिलेली एक-दोन वर्षं पुढं इथल्या घरात बोलताना फार उपयोगी पडतात. माझं ऐकून घेतलं जातं त्याला तेही एक कारण आहे.

माझी मैत्रीण खूश आहे. गोकाकचा धबधबा ऐन पावसात बघून तिला चार वर्षं झाली. मी दर श्रावणात तिथं जाते आणि तिला फोन लावते. पाण्याच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही, तरी ती फोन ठेवत नाही. तिची आई माझ्याकडे बघून विचारते, ‘यावाग बर्ताळ?’ केव्हा येणार ती? मी माझ्या कन्नडमध्ये जमेल तसं उत्तर देते.

गेल्या रविवारी मी तिच्याकडे लायब्ररीबाहेरच्या सायकल स्टँडचा रात्रीचा फोटो मागितला होता. आला. पाऊस पडून गेलेला, फरशी चमकतेय, आणि तिसऱ्या रांगेत माझी जुनी हिरवी सायकल. हल्ली ती चालवते. पुढचा दिवा नवा बसवून घेतलाय, म्हणाली.