बेहरिंगर एक्सआर18: बैठकीलाही तोच, रेकॉर्डिंगलाही तोच

सांगली, मिरज, कोल्हापूर या पट्ट्यात मी नाट्यसंगीत, अभंगवाणी आणि शास्त्रीय बैठकींचा साउंड सांभाळते. घराच्या वरच्या खोलीत रेकॉर्डिंगची सोय केली आहे. दोन्ही कामांना सध्या एकच मिक्सर वापरते, तो म्हणजे बेहरिंगरचा एक्सआर18. पाच-सात कलाकारांच्या संचाचं काम करणाऱ्यांना या लिखाणाचा जास्त उपयोग होईल, मोठ्या ऑर्केस्ट्रावाल्यांना थोडा कमी.

रॅकचे कान लावले की तीन यू (रॅकमधल्या उंचीचं माप) जागेत बसणारा हा डबा आहे. त्यावर चॅनेलचा एकही फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) नाही. 16 माइक इनपुट, वर 2 लाइन इनपुट, मेन लेफ्ट-राइट आणि 6 ऑक्स आउट (कलाकारांना वेगवेगळे मिक्स पाठवायचे आउटपुट). बाकी सगळा कारभार टॅबलेटवर किंवा लॅपटॉपवर. प्रत्येक चॅनेलला गेट (बारीक खरखर कापणारा), कॉम्प्रेसर (आवाजाचे चढ-उतार आवरणारा) आणि चार बँडचा ईक्यू (खर्जापासून तारेपर्यंतच्या पट्ट्या कमी-जास्त करणारा) मिळतो. फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला केबलमधून मिळणारी वीज) चॅनेलनिहाय चालू-बंद करता येते. आपल्या संचासाठी 16 माइक पुरतात का? मुख्य गायक, दोन कोरस, ऑर्गनला दोन, तबला-डग्ग्याला दोन, पखवाजाला दोन, टाळ, दोन तानपुरे आणि निवेदक धरले तरी तीन चॅनेल उरतात.

मला हा मिक्सर आवडला तो मॉनिटरमुळे, म्हणजे कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरच्या सोयीमुळे. पूर्वी मी हॉलच्या टोकाला कन्सोलवर असायचे आणि स्टेजवरून हातवारे यायचे. बोट वर म्हणजे वाढव, एवढंच कळायचं. काय वाढवायचं याचा अंदाज करावा लागायचा. आता टॅबलेट घेऊन बुवांच्या शेजारीच सतरंजीवर बसते. ते म्हणतात, "अगं, तानपुरा जरा वर घे, आणि डग्गा माझ्या अंगावर येतोय." मी पहिली बस (त्यांच्या मॉनिटरचा मिक्स) उघडते, तानपुरे वर घेते, डग्गा खाली आणते, आणि ते जे ऐकतात तेच माझ्या कानावर पडत असतं. मॉनिटर घुमायला लागला तर त्या बसचा 31 बँडचा ग्राफिक ईक्यू उघडायचा. मागे आरटीए (कुठली पट्टी किती जोरात आहे ते दाखवणारा आलेख) दिसतोच, नेमकी कुठली पट्टी उसळी मारतेय ते तिथे कळतं आणि तेवढीच खाली ओढायची. कानाला आधी कळायला हवं हे खरंच, पण घाईच्या वेळी डोळ्यांची मदत मोठी होते. तबलजींना गायकाचा आवाज जास्त हवा असतो, गायकाला स्वतःचा आवाज कमी आणि सूर जास्त हवा असतो, ऑर्गनवाल्यांना लय स्वच्छ ऐकायची असते. जवळ जाऊन विचारलं की या गोष्टी आपसूक कळतात. कलाकार मनमोकळा गायला तर समोरचा साउंड निम्मा तिथेच जमतो, असं माझं ठाम मत आहे.

सहा ऑक्स मात्र भराभर संपतात. गायक, तबला, ऑर्गन आणि मागची साथ यांना चार दिले की उरतात दोन, आणि त्यातला एक व्हिडिओवाले हक्काने मागतात. आठ वादकांना आठ वेगळे मिक्स हवे असतील तर अल्ट्रानेटच्या केबलवर पी16-एम (ज्याचा त्याने मिक्स करायचे छोटे मॉनिटर मिक्सर) जोडावे लागतील. तो खर्च वेगळा.

आता वायफाय. आत राउटर आहे, पण तो फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतो. तालमीच्या खोलीत ठीक आहे. भरल्या नाट्यगृहात शेकडो फोन त्याच लहरींवर गर्दी करतात, तिथे त्यावर विसंबू नका. तीन जागांचा स्विच आहे, तो ईथरनेटवर ठेवा आणि 5 गिगाहर्ट्झचा साधा राउटर केबलने जोडून स्टेजच्या बाजूला उंचावर बसवा. मी लॅपटॉपही केबलने त्याच राउटरला जोडते, म्हणजे टॅबलेट रुसला तरी दुसरा हात तयार असतो. आणि टॅबलेटचा संपर्क तुटला म्हणून आवाज तुटत नाही. मिक्सिंग डब्यातच होतं, शेवटची मांडणी तशीच चालू राहते. नवीन लोकांना याचीच सगळ्यात जास्त धास्ती असते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

दुसरी मोठी गोष्ट, आणि स्टेज आणि स्टुडिओ इथेच एकत्र येतात. यूएसबीची एक केबल लॅपटॉपला लावली की 18 ट्रॅक आत आणि 18 ट्रॅक बाहेर. मी रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कार्यक्रमाचं मल्टीट्रॅक (प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक) घेते. पुढच्या गावी कलाकार चहा घेत असतात तेव्हा मिक्सरच्या चॅनेलना माइकऐवजी यूएसबीचा सोर्स देते आणि मागच्या कार्यक्रमातले तेच बुवा, तोच तबला रिकाम्या हॉलमध्ये वाजवते. सांगलीच्या भावे नाट्यमंदिराचा घुमारा आणि दुसऱ्या गावच्या नाट्यगृहाचा घुमारा एक नव्हे. तिथल्या खुर्च्यांमधून फिरत, शेवटच्या रांगेत शब्द पोचतोय का ते बघत मेनचा ईक्यू बसवता येतो. बुवांना दहा वेळा "हॅलो, चेक" म्हणायला लावून गळा शिणवावा लागत नाही. मात्र रेकॉर्डिंग वाजवताना माइक बंदच असतात, त्यामुळे फीडबॅकची परीक्षा यात होत नाही. सोर्स परत माइकवर आणून खरी चाचणी घ्यायचीच. हॉलनिहाय मांडणी स्नॅपशॉटमध्ये ठेवता येते, 64 जागा आहेत. प्रीॲम्पचा गेनही (माइकचा आवाज सुरुवातीलाच किती वाढवायचा ते) त्यात साठतो, ही फार मोलाची सोय.

घरच्या रेकॉर्डिंगला हाच डबा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारं यंत्र) होतो. मिडासच्या आराखड्यावरचे प्रीॲम्प आहेत. कंडेन्सर माइकवर आवाज स्वच्छ, उघडा येतो. गायिकेच्या हेडफोनमध्ये मिक्सरमधलाच प्लेट रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) देते, लॅपटॉपकडे जाणारा ट्रॅक मात्र कोरा ठेवते. तिचा आवाज लॅपटॉपमधून फिरून न येता थेट मिक्सरमधून येतो, त्यामुळे कानात उशिरा पडत नाही. काळी पाचमध्ये तार षड्जावर ठेहराव घेताना अंगावर कोरडा आवाज आला की गळा आखडतो; घुमाऱ्याची थोडी ओल मिळाली की तोच सूर निवांत लागतो. मर्यादा दोन. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात) 48 किलोहर्ट्झपर्यंतच आहे, 96 मागणाऱ्यांनी दुसरीकडे बघावं. आणि हेडफोनचं आउटपुट एकच, तेव्हा दोघांना एकत्र गाऊन घ्यायचं असेल तर हेडफोन ॲम्प्लिफायर लागतोच. विंडोजवर कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाजासाठीचं जोड-सॉफ्टवेअर) टाकावा लागतो, मॅकवर गरज नाही.

नाटकवाल्यांनी नीट विचार करून घ्यावा. दहा पात्रांचे लेपल माइक वाक्यागणिक उघड-बंद करायचे असतील तर काचेवर बोट फिरवण्यात मजा नाही, तिथे हाताखाली खरे फेडर हवेत. खऱ्या फेडरांचा एक्स-टच कंट्रोलर जोडता येतो, पण मग छोट्या डब्याचा सुटसुटीतपणा गेला. मुलाखत, परिसंवाद यांना मात्र यातलं ऑटोमिक्स छान चालतं; जो बोलतो त्याचा माइक पुढे येतो, बाकीचे आपोआप मागे सरतात.

कार्यक्रमात लॅपटॉप ठेवायचाच नसेल तर साउंडक्राफ्टचा यूआय24आर बघा. तो थेट पेन ड्राइव्हवर मल्टीट्रॅक घेतो आणि ब्राउझरवर चालतो, ॲप लागत नाही. एक्सआर18 मध्ये पेन ड्राइव्हची सोयच नाही. मिडासचा एमआर18 याचाच जुळा भाऊ, इनपुट-आउटपुटची मांडणी तीच. बजेट असेल तर दोन्ही ऐकून ठरवा.

घेणार असाल तर सोबत राउटर, छोटा यूपीएस आणि झाकणाची खोल रॅक पेटी याच खरेदीत धरा. सगळी सॉकेट समोरच्या बाजूला आहेत, त्यामुळे उथळ पेटीचं झाकण केबल लावल्यावर बसत नाही. यूपीएस आमच्याकडे अत्यावश्यक आहे: लाइट गेले आणि जनरेटर सुरू झाला की ॲम्प्लिफायर परत येतात, पण मिक्सर चालू होऊन टॅबलेट पुन्हा जोडला जाईपर्यंत सभागृह ताटकळतं. यूपीएसवर फक्त मिक्सर आणि राउटर ठेवा, ॲम्प्लिफायर नको.