आगेऱ्याची मिरवणूक की हंगामाचा लिलाव?

ऑगस्ट संपत आला की ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे एका चर्चच्या सभासदांच्या, पंच कमिटीत विषय निघतोच : यंदा हंगामाचा सण कसा करायचा? कुणी म्हणतं, दरवर्षीसारखा लिलाव, म्हणजे सभासदांनी आणलेल्या वस्तूंवर बोली. कुणी मुंबईच्या पाहुण्यांकडे आगेरा, म्हणजे तिथल्या ईस्ट इंडियन (मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक) लोकांचा नव्या भाताचा सण, बघून आलेलं असतं. त्यांना बँड, भाताच्या पेंढ्या आणि मिरवणूक हवी असते. माझं लहानपण नगर जिल्ह्यातल्या मंडळीत गेलं आणि लग्नानंतरची वर्षं उत्तर मुंबईत, ईस्ट इंडियन सासरी. दोन्हीकडे राबले आहे, त्यामुळे मत आधीच सांगून टाकते. मंडळीतली दहा घरं तरी अजून स्वतः शेत कसत असतील तर मिरवणूक काढा. नसतील तर लिलावच करा, मात्र बोलीला थोडा लगाम घालून.

आधी तारखेचं बघू, कारण भांडणं तिथेच होतात. आगेरा साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येतो. कोकणपट्टीत हळवं भात तोवर पिकलेलं असतं, म्हणून ती तारीख तिथे शोभते. गरवं भात मात्र नोव्हेंबरपर्यंत उभं असतं. घाटावर ही तारीख जशीच्या तशी उचलली तर पंचाईत होते. मूग-उडीद येऊन गेलेले, बाजरी नुकतीच खळ्यावर, सोयाबीनची काढणी ऐन भरात. शेतकरी माणूस त्या रविवारी चर्चला येईल की शेतावर मजूर शोधेल? आमच्याकडे सण म्हणूनच दिवाळीनंतर घ्यायचे. आणि शाळूचं कणीस वेदीपुढे हवं असेल तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबावं लागेल, मग शरद ऋतू विसरा. बायबलातही दोन सण आहेतच : निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात प्रथम उत्पन्नाचा कापणीचा सण वेगळा आणि वर्षअखेरचा संग्रहाचा सण वेगळा. घाटावरच्या मंडळ्यांनी दुसऱ्याचा आधार घ्यायला काहीच हरकत नाही.

मिरवणुकीला पावसाचा घोर असतो तो वेगळाच. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर, आणि महिन्याचा पहिला रविवार उशिरात उशिरा ७ तारखेला पडतो. म्हणजे आगेरा कायम पावसाच्या उंबरठ्यावर. भिजलेल्या पेंढ्या, चिखलात फसलेली गाडी आणि नऊवारी लुगड्याचा काष्टा सावरत चालणाऱ्या आमच्या चुलत सासूबाई, हे सगळं एका वर्षी पाहिलं आहे. तरी सांगते, त्या दिवसाची मजा लिलावाला नाही. शेतातल्या किंवा गावठाणातल्या क्रूसापाशी फादर लोंब्यांना आशीर्वाद देतात, मग वाजतगाजत चर्चपर्यंत जायचं, मिस्सा (कॅथलिक उपासना), आणि परतताना प्रत्येकाच्या हातात एक-दोन लोंब्या. त्या घरच्या क्रूसामागे खोचलेल्या वर्षभर दिसतात. दुपारी फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) आणि ईस्ट इंडियन बॉटल मसाल्याचं मटण. लहान मुलांना काही समजावून सांगावं लागत नाही.

पण शेतच नसेल तर? गोराई, मनोरी, उत्तनच्या बाजूला थोडीफार भातशेती टिकून आहे. मरोळ, कोळे कल्याणसारख्या गावठाणांभोवती इमारती आल्या आणि पेंढ्या बाहेरून मागवायची पाळी आली. तिथे आगेरा चालू राहतो, कारण ज्यांच्या आजोबांनी ती शेतं कसली त्यांची ती आठवण आहे. पुण्या-पिंपरीच्या एखाद्या मंडळीने, जिथे निम्मे लोक कंपनीत आणि निम्मे शाळा-दवाखान्यात नोकरीला, टेम्पो सजवून विकतच्या पेंढ्या मिरवल्या तर ते स्नेहसंमेलनासारखं दिसतं. मी असं एकदा बघितलं आणि मला अवघडल्यासारखं झालं. शिवाय पोलीस परवानगी, बँडची आगाऊ रक्कम, वाहतूक सांभाळायला पोरं आणि म्हाताऱ्यांसाठी रिक्षा, एवढी तयारी महिनाभर आधी लागते. शेवटी पदरात पैसा काही पडत नाही, उलट खर्चच.

लिलाव याच्या बरोबर उलट. खर्च जवळपास शून्य आणि वर्षाच्या जमाखर्चाला चांगला टेकू. दाराला ऊस आणि केळीचे खुंट, वेदीच्या पायऱ्यांवर बाजरीची कणसं, दुधी, भोपळे, अंड्यांच्या टोपल्या, पाय बांधलेले कोंबडे (उपदेशाच्या मध्येच आरवणारा एक तरी असतोच), कुणाच्या घरचं लोणचं, कुणाचा केक. उपासना झाली की बाहेर मांडवात बोली. बोली लावणारा माणूस तोंडाचा पक्का हवा. तो मिळाला तर निम्मा सण जिंकला. विकत घेतलेली वस्तू परत दान करून पुन्हा बोलीला लावायची रीतही मोठी मौजेची. एकाच पेरूची टोपली तीनदा विकलेली मी पाहिली आहे. ज्याच्याकडे शेत नाही तो स्वयंपाकघरातून काहीतरी आणतो, म्हणजे नोकरदार मंडळीलाही यात जागा आहे. काही जुने सभासद लिलावाला नाक मुरडतात, परंपरेत बसत नाही म्हणतात. खरं तर फळाफुलांनी चर्च सजवून हंगामाची उपकारस्तुती करण्याची आजची इंग्लिश पद्धतही फार जुनी नाही. कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावचे पाळक रॉबर्ट हॉकर यांनी १८४३ मध्ये तशी उपासना घेतली आणि पुढे ती रूढ झाली.

दोष आहे तो बोलीतच. ठेकेदार आणि डॉक्टर यांची चढाओढ लागली की बाकीचे प्रेक्षक होतात. एका साध्या दुधीची किंमत हजारावर गेल्यावर सगळे टाळ्या वाजवतात, आणि मागच्या बाकावरच्या बाईने आणलेली मेथीची जुडी दहा रुपयांत जाते. दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे जवळची शेवटची दोन नाणी, टाकणाऱ्या गरीब विधवेचा बायबलातला उतारा आपण वाचतो आणि तासाभरात असा मांडव भरवतो. दुसरी कटकट उधारीची : जोशात बोली लावणारे नंतर नाताळपर्यंत भेटत नाहीत. यावर उपाय साधे आहेत. लहान वस्तू बोलीला लावूच नका, ठरावीक किमतीला टेबलावर ठेवा. बोली फक्त आठ-दहा मोठ्या वस्तूंवर. पैसे जागेवर, पावती जागेवर. आणि आलेल्या धान्यातला काही वाटा विकायचाच नाही असं आधीच जाहीर करा. बायबलातल्या रूथच्या पुस्तकातला सरवा, म्हणजे कापणीनंतर गरिबांनी वेचायची शेतातली कणसं, मंडळीत सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे या वाट्याला तेच नाव देता येतं. तो गरजू घरी रात्री गुपचूप पोचवा, मंचावर बोलावून नव्हे.

तिसरा एक पर्याय लोक विसरतात : घरचं जेवण. गोव्यात कणसाचं फेस्त (नव्या कणसांचा सण) आपल्या ऑक्टोबरच्या बरंच आधी होतं, राय गावी ५ ऑगस्टला, ताळगावला २१ ऑगस्टला. मंगळुरी कॅथलिकांचा असाच सण, मोंती फेस्त, ८ सप्टेंबरला. तिथे आशीर्वादाची कणसं घरी नेतात, नव्या भाताचे दाणे दुधात घालून घरातले सगळे मिळून घेतात, मग एकत्र जेवण. पन्नासेक घरांच्या मंडळीला हे मिरवणुकीपेक्षा झेपेल. तरुण संघाला हॅलोविनचे भोपळे हवे असतील तर एक कोपरा त्यांना देऊन टाका, वाद घालण्याइतकं त्यात काही नाही.

कॅथलिक धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीत) ठरवत असाल तर ऑक्टोबरचा शेवटून दुसरा रविवार टाळा. तो मिशन रविवार, त्या दिवशीचं दान मिशनकार्यासाठी जातं, आणि दोन दानपेट्या एकाच दिवशी फिरल्या की दोन्ही हलक्या राहतात. बाकीच्यांनी पंचांच्या बैठकीला जाण्याआधी दोन फोन करावेत : एक मंडळीतल्या कसत्या शेतकऱ्याला, पीक कधी हाताशी येतंय ते विचारायला, दुसरा गेल्या वर्षीच्या खजिनदाराला, लिलावाची उधारी किती बाकी आहे ते.