उन्हाळी वेळ कायमची की हिवाळी?

मार्चचा शेवटचा रविवार आला की लंडनमध्ये रात्री एकाचे थेट दोन वाजतात. घड्याळ असं तासभर पुढे असतं ती उन्हाळी वेळ; ऑक्टोबरच्या शेवटी ते परत मागे येतं, ती हिवाळी. मोबाइल आपला आपण पुढे सरकतो; आमच्या ओव्हनवरचं घड्याळ मात्र माझ्या आळसामुळे मेपर्यंत मागेच असतं. बाहेर डॅफोडिल्स पिवळेधमक, आणि पुण्याला फोन लावायचा तर साडेपाच तासांचा फरक साडेचारवर आलेला. आई दरवर्षी विचारते, "आता पुढे की मागे?"

हा घोळ थांबवायचा, तर कुठली वेळ कायम ठेवायची?

उन्हाळी वेळ ऐकायला छान वाटते. डिसेंबरात इथे चारच्या आत मावळणारा सूर्य पाचच्या जवळ मावळेल, शाळेतून सुटलेल्या मुलांना थोडा उजेड मिळेल. पण तोच सूर्य उगवेल नऊनंतर, ग्लासगोत तर पावणेदहाच्या सुमारास. ब्रिटनने १९६८ ते १९७१ हे करून पाहिलं आणि सोडून दिलं. अमेरिकेने १९७४च्या जानेवारीत सुरू केलं; मुलं अंधारात बससाठी उभी राहू लागली, तशी पुढच्या हिवाळ्याआधीच माघार घेतली.

हिवाळी वेळेत दुपारचे बारा आणि डोक्यावरचा सूर्य यांचं बऱ्यापैकी जमतं. झोपेचे अभ्यासकही बहुधा तिच्याच बाजूने बोलतात. जूनमध्ये मात्र पावणेचारलाच उजाडेल. त्यावर जाड पडदे आहेत. डिसेंबरातल्या काळोख्या सकाळींवर काय लावणार? माझं मत हिवाळीलाच.