आर्सेन लुपाँ : जंटलमन चोराच्या पहिल्या नऊ कथा

नेटफ्लिक्सवरची ओमार सीची सिरीज ज्यांना आवडली त्यांनी मॉरिस लब्लाँचं मूळ पुस्तक वाचाच. 1907 चं आहे, इंग्रजी भाषांतर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं. इंग्रजी जरा जुन्या वळणाचं आहे पण दोन-चार पानांत सवय होते.

पहिल्याच कथेत हिरोला अटक! अमेरिकेला निघालेलं जहाज, वायरलेसवर मेसेज येतो की लुपाँ तुमच्यातच आहे, फर्स्ट क्लासमध्ये, केस सोनेरी, उजव्या हाताला जखम, एकटाच आहे, नाव 'र' वरून, आणि तेवढ्यात वादळामुळे मेसेज तुटतो. मग सगळे एकमेकांकडे संशयाने बघायला लागतात. पुढचं सांगत नाही.

दुसऱ्या कथेत तो पॅरिसच्या तुरुंगात बसून एका बॅरनला पत्र पाठवतो की तुझ्या किल्ल्यातल्या अमुक अमुक वस्तू नीट पॅक करून रेल्वेने पाठव, नाहीतर अमक्या रात्री मी स्वतः येऊन नेईन, आणि खाली ताजा कलम, वातो या चित्रकाराच्या दोन चित्रांपैकी मोठं पाठवू नकोस, तू 30 हजार फ्रँक मोजलेस पण ती नक्कल आहे. काय रुबाब आहे यार! चोराला मालकापेक्षा मालाची जास्त पारख, आणि हे पुस्तकात परत परत येतं. एका श्रीमंताच्या घरातून तर तो काहीच न घेता जातो, फक्त कार्ड ठेवतो की फर्निचर अस्सल झालं की परत येईन.

पण सगळ्यात भारी कथा राणीच्या हाराची. काउंट-काउंटेसच्या बंद खोलीतून हार गायब होतो, पुरावा काहीच नाही तरी संशय घरात आश्रयाला राहिलेल्या गरीब मैत्रिणीवर, आणि तिला लहान मुलासकट घराबाहेर काढतात. कित्येक वर्षांनी त्याच घरात जेवायला आलेला एक पाहुणा सगळ्यांसमोर शांतपणे चोरीचा उलगडा करत जातो, ती पानं वाचताना अंगावर काटा येतो. लुपाँला या लोकांचा एवढा राग का ते इथे कळतं. इंग्रज लेखक हॉर्नंगचा जंटलमन चोर रॅफल्स आधीचा, 1899 चा, तोही मस्तच, पण लुपाँएवढा मला तो आतून कळला नाही.

'बदाम सत्ती' मात्र उगाच लांबलीये, पाणबुडीचे नकाशे वगैरे, मध्ये कंटाळा येतो. शेवटच्या कथेत शेरलॉक होम्स येतो, मासिकात खऱ्या नावानेच आला होता, कॉनन डॉयलने हरकत घेतल्यावर पुस्तकात 'हरलॉक शोल्म्स' केलं. दोघांची भेट छोटीच आहे पण झकास जमलीये.

कथा क्रमानेच वाचा, मधूनच एखादी उचललीत तर पहिल्या तीन कथांचा धागा तुटेल. बाबूराव अर्नाळकरांच्या 'काळा पहाड'च्या रहस्यकथा वाचत वाढलेल्या आईबाबांनाही द्या, त्यांना नक्की आवडेल.