जुना व्हॉल्व्हचा रेडिओ घेताय? ट्रान्सफॉर्मर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका

14,500 रुपये गेले माझे. 1,000 टोकन म्हणून आधी, उरलेले 13,500 विकणाऱ्याच्या घरी बसून यूपीआयने. ट्रान्सफॉर्मर रिवाइंड करायचे, म्हणजे त्यातली तार नव्याने गुंडाळायचे, 3,200 सांगितलेत, ते वेगळेच.

जुन्या इंदूरमधलं घर, बोलणं गोड. रेडिओ लावला, अर्ध्या मिनिटात व्हॉल्व्ह तापले, मिडियम वेव्हवर स्टेशन खणखणीत. कोण संशय घेईल?

पण मागचं झाकण काढलं तेव्हा आतल्या सगळ्या चॅसिसवर, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्यावर, धुळीचा थर, आणि ट्रान्सफॉर्मर तेवढा काळा कुळकुळीत. ताजा रंग! तिथेच उठून यायला हवं होतं, हे आठवलं की अजून डोकं तडकतं. विचारलं तर म्हणे, "भिया, जंग लग रहा था, पेंट मार दिया." जळक्या वार्निशचा वास त्या रंगाखाली दबला. सिरीज बोर्ड, म्हणजे बल्बमधून वीज देऊन शॉर्ट तपासायचा बोर्ड, माझ्या पिशवीत होता. "उससे वॉल्व उड़ जाएँगे," म्हणून लावू दिला नाही, आणि दहा मिनिटांत रेडिओही बंद केला. घरात चहा आलेला, समोर त्याची म्हातारी आई. अशा वेळी किती ताणून धरायचं? मल्टिमीटर तर मी लावलाच होता, प्रायमरी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं मेन्सकडचं वाइंडिंग, शाबूत दाखवत होती. आतले थोडे वेढे शॉर्ट असले तर ओहममध्ये ते कळतच नाही, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

घरी अर्ध्या तासात ट्रान्सफॉर्मरमधून काळं मेण गळायला लागलं, खोलीभर धूर.

पोलीस ठाण्यात म्हणाले, "चालू तो था ना?" जुन्या मालाची गॅरंटी नसते, आपसात मिटवा. अहो, भाजलेल्या ट्रान्सफॉर्मरला रंग फासून विकणं ही फसवणूक नाही, तर भारतीय न्याय संहितेतलं कलम 318 कशासाठी आहे? अर्ज घेतला, पोच दिली नाही. सायबर हेल्पलाइनवाल्याचं म्हणणं, माल हातात घेतलात, मग हा सायबर गुन्हा नाही. ग्राहक तक्रारीचं विचारलं तर पहिला प्रश्न, बिल कुठाय? घरून विकणारा बिल देतो का? प्रत्येकाने पुढच्या दाराकडे बोट दाखवलं, आणि तो मोकळा.

सिरीज बोर्ड लावू देत नसेल तर तिथून निघा. सगळे व्हॉल्व्ह आणि डायलचे दिवे काढा, 60 वॉटचा साधा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घ्या, एलईडी चालत नाही. सुरुवातीला लुकलुकून बल्ब विझला किंवा जेमतेम लाल राहिला तर ठीक. भगभगीत पेटला तर वाइंडिंग शॉर्ट. टोकन देऊ नका. बल्बने पास केला तरी व्हॉल्व्ह बसवून अर्धा तास चालवा. रिवाइंड करणार असाल तर आधी फिल्टर कंडेन्सर बघा, तो शॉर्ट असेल तर नवा ट्रान्सफॉर्मरही जळेल. आणि हात लावायचा तो प्लग काढून, कंडेन्सर डिस्चार्ज करूनच. एचटीला, म्हणजे व्हॉल्व्हना जाणाऱ्या हाय टेन्शन लाइनला, 250 व्होल्टच्या आसपास असतात.