‘क्रूएल वर्ल्ड’: भरतकामाच्या दुकानातला खून

आमचे नान्ना, म्हणजे वडील, सोलापुरात अशोक चौकाजवळच्या कारखान्यात मागावर चादरी विणायचे. चादर उतरली की ते आधी उलटी करायचे. सोलापुरी चादर दोन्ही अंगांनी वापरता येते, फक्त रंग उलटे होतात. जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, कार्डाला एक भोक चुकीचं पडलं, तर फूल दर वेळी त्याच जागी बिघडतं. चादरीवर बोट ठेवून नान्ना नेमकं ते कार्ड काढून दाखवायचे.

मोनिका फेरिस यांची ‘क्रूएल वर्ल्ड’ ही कादंबरी (१९९९) मला याच नजरेसाठी आवडली. अमेरिकेत मिनेसोटातलं एक्सेल्सिअर हे तळ्याकाठचं छोटं गाव. तिथे मार्गोचं भरतकामाच्या सामानाचं दुकान आहे. बहीण बेट्सी तिच्याकडे राहायला येते आणि मार्गोचा खून होतो. ‘क्रूएल’ म्हणजे लोकरीचं भरतकाम. ‘क्रूर’साठीच्या इंग्रजी शब्दाचा उच्चारही तोच. तपासात भरतकामाचा एक तुकडा महत्त्वाचा ठरतो. कोणता, ते सांगत नाही.

बेट्सीला टाका घालता येत नाही, त्यामुळे आपणही तिच्याबरोबर शिकत जातो. दर सोमवारी दुकानात बायका सुई-कॅनव्हास घेऊन बसतात, ते प्रसंग मी दोनदा वाचले. आमच्या गल्लीत आई आणि शेजारणी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं, कुणाचा नवरा पैसे उडवतो, सगळं आधी तिथे कळायचं. बोटं पानावर, नजर खाली; समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, म्हणून बाई मनातलं बोलते. लेखिकेला हे पक्कं ठाऊक आहे. पोलीस विचारतात तेव्हा गप्प बसणारी माणसं बेट्सीपुढे टाका घालता घालता बोलून जातात.

पोलिसांची चौकशी मात्र कच्ची वाटली, आणि मध्ये इतकी नावं येतात की मला मागची पानं चाळावी लागली. रक्तपात जवळजवळ नाही, रात्री एकटीने वाचायला हरकत नाही. इंग्रजीही सोपं आहे. भरतकामाचे शब्द अडले तरी पुढे वाचत राहा, प्रसंगावरून कळतात.

माझ्या जुन्या प्रतीत शेवटी भरतकामाचा नमुना छापलेला आहे. नवी पेठेतून दोरे आणून तो काढायला घेतलाय. पुढचा भाग ‘फ्रेम्ड इन लेस’ही मागवला आहे.